रातांब्याचा गुण आणि बाटलीवरचा मजकूर

प्रस्तुत मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या बांधावर रातांब्याचीं दोनचार झाडें असतील, आणि ज्यांच्या बांधावर नसतील त्यांच्या स्वयंपाकघरांत आमसुलांची बरणी तरी खास असेल. गेल्या कांहीं वर्षांत या साध्या आमसुलास एक नवेंच भाग्य प्राप्त झालें आहे. शहरांतून येणारे व्यापारी, वर्तमानपत्रांतील आरोग्याचीं सदरें व औषधांच्या दुकानांतील डब्या यांतून ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द सारखा कानांवर पडतो, आणि रातांबा, जांभूळ, करवंद, आवळा, नाचणी हीं त्या गुणाचीं आगरें आहेत असें सांगण्यांत येतें. आपल्या डोंगरांतील मालास कोणी नांवाजलें तर कोणास आनंद होणार नाहीं? आम्हांसही झाला. त्या आनंदाच्या भरांत आमच्या हातून एक चूक घडली, व तिचें फळ आमच्या घरांतील एका वडीलधाऱ्या माणसास भोगावें लागलें. ती हकीकत पुढें येईलच. परंतु आधीं मूळ विषय समजून घेतला पाहिजे, कारण तो न समजल्यामुळेंच चूक झाली.

लोखंडी कोयता श्रावणांत चार दिवस पडवींत पडून राहिला तर त्यावर गंज चढतो. तेलाचें भांडें उघडें राहिलें तर तेल खवट होतें. चिरलेलें वांगें पाण्यांत न टाकतां तसेंच ठेविलें तर घटकाभरांत काळें पडतें. या तिन्ही प्रकारांत हवेंतील प्राणवायूचा हात असतो, आणि शास्त्रांत या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात. आपण जें अन्न खातों तेंही शरीरांत प्राणवायूच्याच साह्यानें मंदपणें जळत असतें व त्यापासून अंगांत ऊब आणि बळ येतें. चुलींतून जशा ठिणग्या उडाव्या तसे या ज्वलनांत कांहीं उच्छृंखल कण उत्पन्न होतात. त्यांस मुक्तमूलकें असें नांव आहे. हे कण शेजारच्या निरोगी भागास चटके देतात. डेन्हॅम हार्मन नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५६ सालीं असें मत मांडिलें कीं, माणसाचें म्हातारपण हें बव्हंशीं या चटक्यांचेंच फळ असावें. तेव्हांपासून या ठिणग्या विझविणाऱ्या द्रव्यांचा शोध जोरानें सुरू झाला. तींच हीं ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यें.

वनस्पतींत हीं द्रव्यें विपुल असतात, याचें कारण शेतकऱ्यास सहज पटेल. ऊन लागलें तर गुरें झाडाखालीं जातात. झाडानें कोठें जावें? त्याला जागच्या जागीं उन्हाशीं, किडीशीं व रोगाशीं झुंजावें लागतें. त्यासाठीं तें सालींत, पानांत व फळांत नाना प्रकारचे रंग, तुरटपणा व आंबटपणा सांठवून ठेवतें. करवंदाचा काळसर जांभळा रंग, नाचणीच्या टरफलाचा तांबूसपणा, आवळ्याचा तुरटपणा हीं सर्व त्या झाडाचीं स्वसंरक्षणाचीं साधनें होत. आवळ्यांत तर क जीवनसत्त्वाचाही मोठा सांठा असतो: शंभर ग्रॅम आवळ्यांत तें अडीचशें मिलिग्रॅमहून अधिक भरतें. हें जीवनसत्त्व आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञानें १९२८ सालीं शुद्ध रूपांत वेगळें केलें, व १९३७ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. तें न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येऊन माणूस खंगतो, आणि मिळतांच बरा होतो. येथें शंकेस जागाच नाहीं. परंतु इतर द्रव्यांविषयीं इतकें सरळ बोलतां येत नाहीं, हें पुढें दिसेल.

आतां रातांब्याकडे वळूं. आमचा वरंध गांव महाड तालुक्यांत, भोरकडे जाणाऱ्या घाटाच्या पायथ्याशीं. एका बाजूस शिवथरघळीचें रान, दुसऱ्या बाजूस कावळ्या किल्ल्याचा डोंगर. खालीं भाताचीं खाचरें आणि वर नाचणी-वरीची वरकस जमीन. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. उभ्या नोकरींत शेंकडों सातबारे आमच्या हातांखालून गेले. आंब्याफणसाची व सागाची नोंद शेऱ्यांत पुष्कळदां वाचली, पण रातांब्याची नोंद करा म्हणून आग्रह धरणारा खातेदार क्वचितच भेटला. ओहोळाच्या कडेला आपोआप उगवणारें, कोणी पाणी न घालतां वाढणारें व पाखरांनीं पेरलेलें हें झाड. त्याची कोण दखल घेणार?

फळ चैत्रवैशाखापासून पिकूं लागतें व पावसाच्या तोंडाशीं त्याचा मुख्य बहर येतो. हीच या पिकाची खरी अडचण. आपल्याकडे पाऊस एकदां लागला म्हणजे फळ झाडावरच नासतें आणि अर्धवट वाळलेल्या सालींस बुरशी येते. फळाच्या सालींत जो गर्द तांबडा रंग असतो त्यास अँथोसायनिन म्हणतात. जांभूळ व करवंद यांचा रंगही त्याच कुळांतला. याखेरीज सालींत गार्सिनॉल नांवाचें एक पिंवळें द्रव्य असून, आंबटपणा मुख्यत्वें हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा असतो. गार्सिनॉलवर मुंबईपासून जपानपर्यंत पुष्कळ प्रयोग झाले आहेत, आणि त्यांत या द्रव्याची ऑक्सिडीकरण रोखण्याची शक्ति चांगली दिसून आली आहे. तथापि ते बहुतेक प्रयोग कांचेच्या नळींत, वेगळ्या काढलेल्या पेशींवर किंवा उंदरांवर झालेले आहेत, ही गोष्ट वर्तमानपत्राच्या सदरांत बहुधा शेवटच्या ओळींत येते, अथवा येतच नाहीं.

आतां आमच्या चुकीविषयीं. आमच्या थोरल्या वहिनी व शेजारच्या आठदहा बाया यांनीं मिळून एक बचतगट चालविला आहे. रातांब्याच्या सालींत साखर घालून त्या अमृतकोकम करतात व बाटल्या भरून महाड, बिरवाडी व पोलादपूर येथें विकतात. आमचें अक्षर बरें, आणि सरकारी कागद लिहून लिहून मजकूर जुळविण्याची संवय. तेव्हां बाटलीवर चिकटवावयाच्या चिठ्ठीचा मजकूर लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं वर्तमानपत्रांतील चारपांच कात्रणें पुढें ठेविलीं आणि लिहिलें, “अँटिऑक्सिडंटयुक्त. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व कर्करोग यांवर अत्यंत गुणकारी. शरीरशुद्धि करणारें.” चिठ्ठी सुबक झाली. त्या वर्षीं खपही वाढला. आम्हांस फार धन्यता वाटली.

वहिनींस सात वर्षांपासून मधुमेह आहे. डॉक्टरांनीं दिलेल्या गोळ्या त्या नियमितपणें घेत. परंतु गोळ्यांनीं पोटांत जळजळतें अशी त्यांची तक्रार असे. घरांतच औषध तयार होत असतां बाहेरच्या गोळ्या कशाला, असा विचार करून त्यांनीं कोणास न सांगतां गोळ्या बंद केल्या व सकाळ-संध्याकाळ पेलाभर अमृतकोकम घेण्यास आरंभ केला. आषाढांत लावणीच्या वेळीं खाचरांत उतरल्या असतां पायांत कांटा मोडला. जखम लहानशीच, पण ती भरून येईना. करंगळी काळवंडली, ताप आला. महाडास नेलें तेव्हां रक्तांतील साखर फारच वाढलेली आढळली. डॉक्टरांनीं काय काय घेत होतां म्हणून विचारिलें, तेव्हां पुतण्यानें पिशवींतून बाटली काढून पुढें ठेविली. डॉक्टरांनीं चिठ्ठी वाचली व शांतपणें विचारिलें, “यांत साखर किती घालतां?” आम्हीं सांगितलें, “एक भाग सालीस दोन भाग.” तें वाक्य तोंडांतून बाहेर पडेपर्यंत त्याचा अर्थ आमच्या ध्यानांत आला नव्हता! चार दिवसांनीं उजव्या पायाची करंगळी काढावी लागली. वहिनींनीं आम्हांस कधींही दोष दिला नाहीं. एकदांच इतकें म्हणाल्या, “भावोजी, तुमच्या हातचं अक्षर होतं, म्हणून मी विश्वास ठेवला.”

त्यानंतर आम्हीं कात्रणें बाजूस सारून, दापोलीच्या कृषि विद्यापीठांत शिकलेल्या एका ओळखीच्या तरुणाच्या मदतीनें या विषयाचा जमेल तितका छडा लावला. त्यांत जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवतों.

फळें व भाज्या भरपूर खाणाऱ्या लोकांत हृदयविकार व अर्धांगवायू यांचें प्रमाण कमी आढळतें, हें अनेक देशांत वर्षानुवर्षें केलेल्या पाहणींवरून दिसून आलें आहे. जागतिक आरोग्य संघटनाही रोज निदान चारशें ग्रॅम फळें-भाज्या खाण्याची शिफारस करते. यावरून शास्त्रज्ञांनीं तर्क केला कीं, गुण जर ऑक्सिडीकरणरोधक द्रव्यांचा आहे, तर तीं द्रव्यें वेगळीं काढून गोळीच्या रूपानें दिल्यास लाभ अधिकच व्हावा. तर्क वाजवी होता. फिनलंड देशांत २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर तो पडताळून पाहिला गेला. गाजरास ज्यामुळें रंग येतो त्या बीटाकॅरोटीनच्या गोळ्या कांहींजणांस वर्षानुवर्षें रोज देण्यांत आल्या. १९९४ सालीं निकाल जाहीर झाला तो असा कीं, गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजीं शेंकडा १८ नें अधिक झाला! अमेरिकेंत अठरा हजारांवर माणसांवर असाच दुसरा प्रयोग चालू होता. त्यांत बीटाकॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही देत असत. तेथेंही कर्करोगाचें प्रमाण शेंकडा २८ नें वाढलेलें दिसल्यामुळें तो १९९६ सालीं मुदतीपूर्वींच थांबवावा लागला.

असें कां व्हावें? याचीं कारणें पुष्कळ सांगतात. एक तर, फळांत एकच द्रव्य नसतें. त्यांत तंतु असतात, क्षार असतात, शेंकडों द्रव्यें थोडथोडीं असतात, आणि फळ खाणारा माणूस त्या वेळीं दुसरें कांहीं अपायकारक खात नसतो. दुसरें असें कीं, या ठिणग्या सर्वथैव शत्रु नव्हेत. रक्तांतील पांढऱ्या पेशी याच कणांचा मारा करून रोगजंतु मारतात. चुलींतील ठिणगीचें भय वाटतें म्हणून कोणी चूल विझवीत नाहीं. शरीराजवळ ठिणग्या आवरण्याची स्वतःची व्यवस्थाही असते. तिसरें, रातांब्याजांभळांतील तांबडा रंग पोटांत गेल्यावर त्याचा फारच थोडा भाग जसाच्या तसा रक्तांत उतरतो; बाकीचा आंतड्यांतील जंतु फोडून टाकतात. त्या फुटलेल्या भागांचा कांहीं उपयोग होत असेलही. परंतु कांचेच्या नळींत जो पराक्रम दिसला तोच शरीरांत घडतो असें समजणें म्हणजे नकाशावरून मोजलेली जमीन प्रत्यक्षांत तितकीच भरेल असें धरून चालण्यासारखें आहे. आमच्या खात्यांत ज्यांनीं मोजणी पाहिली आहे त्यांस याहून अधिक सांगणें नको.

व्यापाऱ्यांचा जो ओढा सालींतील आम्लाकडे आहे त्याविषयींही लिहिलें पाहिजे. हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा अर्क काढून त्याची भुकटी लठ्ठपणा घालविणारी म्हणून विकतात. केरळांत कुडंपुळी नांवाचें रातांब्याचें एक भावंड आहे, त्याच्या अर्काचा खप परदेशांत फार. न्यूयॉर्क येथें १३५ लठ्ठ माणसांवर बारा आठवडे त्याचा प्रयोग झाला. निम्म्यांस अर्क व निम्म्यांस तशीच दिसणारी पोकळ गोळी दिली. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत दोन्ही गटांच्या वजनांतील घट जवळजवळ सारखीच ठरली. पुढें असा अर्क असलेल्या गोळ्या घेणाऱ्या कांहीं लोकांच्या यकृतास इजा झाल्याचेंही वैद्यकीय मासिकांतून नमूद झालें. आमटींत टाकलेल्या दोन आमसुलांनीं असें कांहीं होत नाहीं. पण शेरभर सालींचें बळ चमचाभर भुकटींत कोंबलें म्हणजे तें अन्न राहत नाहीं, औषधाच्या पंक्तीला जाऊन बसतें, आणि मग त्याला औषधाचेच नियम लावले पाहिजेत.

हिरव्या रसांचीही हीच गोष्ट. रोज सकाळीं दुध्याचा कच्चा रस पिण्याची टूम निघाली तेव्हां कडू दुध्याच्या रसानें माणसें अत्यवस्थ झालीं, कांहीं दगावलीं, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीस या बाबतींत चौकशी करून कडू रस मुळींच पिऊं नये असें बजावावें लागलें. आमच्या रानांतील शेवळें पाहा. तीं काकडाच्या फळांशिवाय किंवा चिंच-आमसुलांच्या आंबटाशिवाय शिजविलीं तर घसा खाजून पुरेवाट होते. आजीला ऑक्सिडीकरण ठाऊक नव्हतें, पण कोणती भाजी कशाबरोबर आणि किती शिजवावी हें ठाऊक होतें. रानभाज्यांच्या गुणांत तें ज्ञानही धरावयास हवें.

नाचणीविषयीं मात्र आम्ही मोकळ्या मनानें बोलूं शकतों. तिचीं तुरट द्रव्यें टरफलांत असल्यामुळें सबंध दाणा दळला तरच तीं पोटांत जातात. परंतु आम्हांस तिचा मोठा गुण वाटतो तो वेगळाच. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तांदुळांत तें दहाच्या आंतबाहेर. आपल्याकडे वरकस जमिनी ओस पडत चालल्या व घरोघरीं तिन्हीत्रिकाळ भात झाला, त्याचा परिणाम बायकांच्या हाडांवर काय झाला असेल याचा विचार करावा. तुरट द्रव्यांचा एक उणेपणाही आहे: तीं अन्नांतील लोहास धरून ठेवतात. याकरितां नाचणी भिजवून मोड आणल्यास बरें, आणि जेवणाला लागूनच चहा पिण्याची जी संवय सर्वत्र पडली आहे ती ज्यांच्या अंगांत रक्त कमी आहे त्यांनीं तरी सोडावी.

आतां कायद्याविषयीं, कारण तीस वर्षें नियमांचीं पुस्तकें चाळलेल्या माणसानें तीं या वेळीं उघडूं नयेत ही आमची खरी शरमेची बाब. २००६ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं जाहिराती व दावे यांविषयीं २०१८ सालीं नियम झाले आहेत. त्यांप्रमाणें अमुक खाद्यपदार्थ अमुक रोग बरा करतो असें वेष्टनावर लिहितां येत नाहीं. औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा तर १९५४ सालापासून आहे, आणि त्याच्या यादींत मधुमेहाचें नांव स्पष्ट आहे. म्हणजे आमची ती सुबक चिठ्ठी दोन्ही कायद्यांच्या विरुद्ध होती. उरलेल्या सर्व बाटल्यांवरील चिठ्ठ्या आम्हीं स्वतः बसून सोलून काढल्या. नवी चिठ्ठी साधी आहे: रातांब्याची साल, साखर, जिरें, मीठ, भरल्याची तारीख, ‘मधुमेह असलेल्यांनीं घेऊं नये.’ शेवटली ओळ वहिनींनीं मोठ्या अक्षरांत घालावयास लाविली. खप कांहींसा उतरला, पण बुडाला नाहीं. लोक चवीसाठीं घेतच होते असें दिसतें. ज्यांस साखर चालत नाहीं त्यांच्याकरितां कांहीं बाया आगळ करतात. त्यांत साखर नसली तरी मीठ सढळ असतें, तेव्हां रक्तदाब असणाऱ्यानें तेंही जपूनच घ्यावें. वहिनी आतां गोळ्या घेतात, आणि जेवतांना दोन आमसुलांचें सार घेतात. सोलकढी पुन्हा सुरू करण्यास डॉक्टरांची ना नाहीं.

राहतां राहिला मालाचा प्रश्न. रंग जपला तर आमसुलांस भाव बरा येतो, आणि रंग जपणें म्हणजेच त्यांतील ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य जपणें होय. कारण तें स्वतः प्राणवायूच्या, उष्णतेच्या व उजेडाच्या तडाख्यांत सांपडून नासत असतें. तांबडीं आमसुलें जुनीं झाल्यावर काळसर तपकिरी होतात तीं यामुळेंच. यासाठीं फळ पूर्ण पिकलेलें घ्यावें, तोडलें त्याच दिवशीं फोडावें, साल आपल्याच रसांत बुडवून वाळवावी व हा क्रम पांचसहा वेळां करावा. रसासाठीं लोखंडी, तांब्याचें किंवा ॲल्युमिनियमचें भांडें कदापि वापरूं नये, आम्ल तें खाऊन टाकतें. चिनी मातीची बरणी अथवा स्टीलचें पातेलें घ्यावें. सरबत उन्हांत मांडून ठेवणारा दुकानदार आपलाच माल बिघडवीत असतो. बिया फेंकूं नयेत, त्यांचें तेल थिजून घट्ट राहतें व पायाच्या भेगांस उत्तम.

नवीन लागवड करणाऱ्यांनीं रोपांच्या भरंवशावर राहूं नये. रातांब्याचीं नर व मादी झाडें वेगळीं असतात. बियांपासून केलेल्या रोपांत जवळजवळ निम्मीं नर निघतात, आणि तें कळण्यास सातआठ वर्षें वाट पाहावी लागते. आमच्या बांधावर अशीं तीन नर झाडें आम्हीं पंधरा वर्षें राखिलीं, पुढें कधींतरी धरतील म्हणून! दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठानें १९९७ सालीं ‘कोकण अमृता’ ही जात दिली आहे. तिची साल जाड असून फळ पावसापूर्वीं हातीं येतें, म्हणून आपल्या घाटमाथ्याच्या पायथ्याशीं ती सोयीची. मादी झाडाचीं मृदुकाष्ठ कलमें घ्यावीं, दोन कलमांत वीस फुटांचें अंतर ठेवावें, आणि दहा मादी कलमांमागें एक नर कलम असूं द्यावें. लहानपणीं त्यास सावली मानवते. कलमें पावसाच्या आरंभीं लावावयाचीं असल्यानें मागणी आधींच नोंदवावी लागते. आम्हीं यंदा दहा कलमांची नोंदविली आहे, व सातबाऱ्यावर त्यांची नोंद करून घेणार आहों.